शुद्धीवर आहे म्हणून घरी नेऊ नका

कंधार-लोहा रस्त्यावर अंधार पडता पडता मोटारसायकल घसरते. पोरगा उठून बसतो, कपडे झटकतो, नाव-गाव बरोबर सांगतो. जमलेली माणसं म्हणतात, "चांगला बोलायलाय की, न्या घरी." घरी तो चहा पितो, डोकं दुखतंय म्हणून आडवा होतो. मध्यरात्री हाक मारली तर ओ देत नाही.

वाचकहो, हा मधला शुद्धीचा काळ फार फसवा असतो. कानशिलाच्या पातळ हाडाच्या आतून एक धमनी जाते. हाडाला चीर गेली की ती फाटू शकते आणि रक्त कवटी व मेंदूच्या आवरणामध्ये साचू लागतं. कवटी फुगत नाही, त्यामुळे साचणारं रक्त मेंदूलाच दाबतं. वेळेत सीटी स्कॅन होऊन रक्त काढलं, तर असा रुग्ण पुष्कळदा पूर्ण बरा होतो. उशीर झाला की श्वास चालवणारं केंद्रच दाबलं जातं.

म्हणून डोक्याला जोराचा मार लागला की दवाखाना गाठायचाच, मग जखम दिसो वा न दिसो. क्षणभर शुद्ध हरपली असेल, पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, डोकेदुखी वाढत असेल, झटका आला असेल, बोलणं अडखळत असेल, कानानाकातून रक्त किंवा पाणी येत असेल, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसत असेल, तर एक मिनिटही घालवू नका. 108 ला फोन करा. कंधारच्या ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक उपचार होतील. पुढे नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावं लागू शकतं. त्या प्रवासात वेळ जाणारच आहे, म्हणून घरी वाट पाहण्यात आणखी तास घालवू नका.

जखमीला दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून नेणं बंद करा. मानेचं हाड मोडलेलं असेल तर त्याचे हातपाय कायमचे जाऊ शकतात. मान-पाठ एका रेषेत ठेवून उचला. उलटी होत असेल तर मान न वळवता पूर्ण अंग एकदम कुशीवर करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, झटका आला असताना कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, जखमेत हळद-चुना भरू नका. पोलिसांच्या भीतीने कोणी थांबत नाही, हे मला फार लागतं. मोटार वाहन कायद्यातील कलम 134-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. केंद्राच्या 2025 च्या योजनेत ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्ताला 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात; दाखल करतानाच विचारा.

हेल्मेटने डोक्याची इजा सुमारे 69 टक्क्यांनी आणि मृत्यू सुमारे 42 टक्क्यांनी कमी होतात, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. आयएसआय खुणेचं घ्या आणि पट्टा आवळा. पट्टा सुटा असेल तर ते डोकं आपटण्याआधीच उडू शकतं. मागे बसलेल्या बाईलाही हेल्मेट हवं. साडीचा पदर, ओढणी चाकात जाऊन पडलेल्या बायका आपल्या भागात नवीन नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात बिनदिव्यांच्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात. ट्रॉलीमालकांनी मागे लाल परावर्तक पट्ट्या लावाव्यात, खर्च किरकोळ आहे. डोक्याला मार वरून पडूनही लागतो; उन्हाळ्यात माळवदावर झोपत असाल तर कठडा करून घ्या.

मार न लागताही मेंदू जखमी होतो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली तर तो पक्षाघात. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. रक्तदाबाची गोळी "बरं वाटतंय" म्हणून सोडणारे हेच दुखणं ओढवून घेतात.

डोक्याच्या मारातून बरा होऊन आलेला माणूस कधी कधी चिडका होतो, विसरतो, त्याचं कामात मन लागत नाही. ही बाधा नाही. मेंदूच्या इजेचाच तो परिणाम आहे. त्याला अंगारे-धुपारे नकोत, औषध, व्यायाम आणि घरच्यांचा धीर हवा. फिटची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं आहे. बाजेवरून पडल्यावर तेव्हा अनेकदा काहीच जाणवत नाही. पण डोक्यात हळूहळू रक्त साचत जातं आणि तीन-चार आठवड्यांनी चाल लटपटते, झोप वाढते, बोलणं विसंगत होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दारूची सवय असेल तर हा धोका जास्त. वयाचा परिणाम समजून सोडू नका. मधे पडला होता का, हे आठवून डॉक्टरांना सांगा आणि सीटी स्कॅन करून घ्या. साचलेलं रक्त कवटीला लहान छिद्र पाडून काढता येतं, आणि अनेक आजोबा-आजी त्यानंतर पुन्हा चालू लागतात.