आपल्या सुक्या मासळीची वेबसाइट: काय लिहायचे, कुणाच्या नावावर ठेवायची आणि गिऱ्हाईक कसे आणायचे



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी. जाळी शिवायला आणि इंजिनाचे काम काढायला हाच वेळ. यंदा त्यातले चार-पाच दिवस आणखी एका कामाला द्यावेत असे आम्ही सुचवतो. बरेच सभासद विचारतात, "वेबसाइट काढली तर धंदा वाढेल काय?" नुसते हो किंवा नाही म्हणून भागणार नाही, म्हणून हा लेख. शेवटपर्यंत वाचा आणि घरातल्या मुलांनाही वाचायला द्या.

१. विकायचे काय?

ताज्या मासळीपासून सुरुवात करू नका. सकाळी वेबसाइटवर "इसवण मिळेल" असे लिहिले आणि बोटी रिकाम्या आल्या, तर गिऱ्हाईक एकदा फसते आणि पुन्हा येत नाही. लिलावाचा दरही रोज बदलतो. ताजा माल फोनवरच राहू द्या.

सुरुवात टिकणाऱ्या मालाने करा. सुकी सुंगटे, गालमो, खारे बांगडे, आणि घरी केलेला पारा, मोले, बलचांव. पुरुमेंताच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, याच मालाला मागणी असते. म्हापशाला किंवा मडगावला फेस्ताच्या बाजारात येणारे गिऱ्हाईक आपल्याला भेटतेच. पण बेळगाव, पुणे, मुंबई, हैदराबादला राहणारी आपली माणसे दर वर्षी येऊ शकत नाहीत. वेबसाइट आहे ती त्यांच्यासाठी.

आज काय होते बघा. आपण दर्यात जातो. घरच्या बाया मासळी धुऊन, मीठ लावून, उन्हात उलटसुलट करून सुकवतात. मग पोते व्यापाऱ्याकडे जाते. दर तो सांगतो आणि पाकिटावर नावही त्याचेच लागते. सगळा माल वेबसाइटवर विका असे आम्ही म्हणत नाही. व्यापारी लागणारच, कारण तो एका वेळी सगळा माल उचलतो. पण दहा पोत्यांतले एक जरी आपल्या नावाने गेले, तरी बाकीच्या नऊ पोत्यांचा दर ठरवताना आपल्याला दुसरी वाट आहे हे त्यालाही कळते.

२. हिशेब आधी करा

हा फक्त नमुना आहे, आकडे तुमचे तुम्ही घाला. समजा व्यापारी सुक्या सुंगटांना किलोला ६०० रुपये देतो. म्हणजे पाव किलोचे १५० झाले. तेच पाकीट वेबसाइटवर २२० ला विकले आणि पाकीट, लेबल, खोका यांचे १५ रुपये गेले, तर २०५ उरतात. व्यापाऱ्यापेक्षा ५५ रुपये जास्त. कुरियरचा खर्च गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा आणि तसे स्पष्ट लिहायचे.

आता समजा वेबसाइटचा वर्षाचा खर्च ५,००० रुपये. ५५ ने भागले तर साधारण ९१ पाकिटे होतात. ९१ पाकिटे गेल्यावर खर्च निघाला, कमाई त्यानंतर. वर्षात तेवढी पाकिटे जाणार नाहीत असे वाटत असेल, तर एकट्याने वेबसाइट काढू नका. पाच-सहा घरांनी मिळून एकच काढा.

३. नाव कुणाच्या नावावर?

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, आपण विकत घेत नाही. ते वर्षाच्या भाड्याने असते. भाडे चुकले तर पत्ता जातो आणि दुसरा कुणीही तो घेऊ शकतो. बोटीचा परवाना ज्या काळजीने नवा करता, त्याच काळजीने हेही करायला हवे.

वेबसाइट बनवून देणारा बहुतेक वेळा डोमेन स्वतःच्या खात्यावर घेतो. पुढे त्याच्याशी बिनसले किंवा त्याने गाव सोडले, की चाव्या त्याच्या खिशात. म्हणून काम सुरू करण्याआधी कागदावर ठरवा:

– डोमेनची नोंद घराच्या, गटाच्या किंवा संस्थेच्या नावावर असेल.
– त्याला जोडलेला ईमेल आणि मोबाइल आपला असेल. ओटीपी आपल्याच फोनवर यायला हवा.
– पासवर्ड एका वहीत लिहून दोन जबाबदार माणसांकडे राहील.
– पहिल्या वर्षाचा दर किती आणि दुसऱ्या वर्षापासून किती, हे दोन्ही विचारून घ्यायचे. पहिले वर्ष स्वस्त आणि पुढे महाग असे नेहमीच असते.

नाव सोपे घ्या, फोनवर सांगितले तर ऐकणाऱ्याला लिहिता यावे. शेवटी डॉट इन किंवा डॉट कॉम चालेल. देवनागरीत डॉट भारत असाही पत्ता मिळतो, पण गिऱ्हाईक टाइप कसे करेल याचा विचार करून ठरवा.

४. गिऱ्हाईक काय विचारते ते लिहा

"आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत आहे" असे अर्धे पान भरू नका. बाजारात पाटी घेऊन बसणारी बाई दिवसभर ज्या प्रश्नांना उत्तर देते, तेच प्रश्न वहीत उतरवा. वाळू आहे काय? मीठ जास्त आहे काय? यंदाची की गेल्या वर्षाची? जमिनीवर सुकवली की मांडवावर? किती दिवस टिकेल? घरी पोचायला किती दिवस लागतील? खराब निघाली तर काय?

या प्रश्नांची खरी उत्तरे म्हणजेच तुमची वेबसाइट. जुलै २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मेलिनचे प्रकरण झाले, बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी आली. तेव्हापासून लोक मासळी कुठली, कुणी आणली हे जास्त विचारतात. आपल्याकडे त्याचे उत्तर आहे. कुठल्या धक्क्यावर उतरली, कुठल्या महिन्यात सुकवली, कुणी सुकवली, हे मोठा व्यापारी सांगू शकत नाही, आपण सांगू शकतो.

पाने पाच पुरेत: पहिले पान, मालाची यादी व दर, आम्ही मासळी कशी सुकवतो, पोचवणे व परतीचे नियम, आणि संपर्क. फोन नंबर प्रत्येक पानावर हवा आणि बोट लावले की फोन लागायला हवा, कारण बहुतेक लोक मोबाइलवरच बघतात.

५. एकाच मासळीची सगळी नावे द्या

गूगलवर माणूस स्वतःच्या तोंडातला शब्द लिहितो. आपण इसवण म्हणतो, मुंबईचा माणूस सुरमई म्हणतो, हॉटेलवाला किंगफिश. आपली सुंगटे म्हणजे तिकडची कोळंबी आणि इंग्रजीत प्रॉन्स. गालमो म्हटले तर पुण्यात कळणार नाही, तिथे सुका जवळा म्हणावे लागते. आपली चणाक रायगडात जिताडा होते. माणकी म्हणजे स्क्विड. तुम्ही एकच नाव लिहिले तर बाकीच्या नावांनी शोधणाऱ्याला तुम्ही दिसणारच नाही. म्हणून प्रत्येक मालाखाली सगळी नावे लिहा, मराठीत आणि इंग्रजी लिपीतही.

६. फोटो

फोटो आपल्याच मालाचा काढा. इंटरनेटवरून उचललेला फोटो दुसऱ्याच्या मालकीचा असतो, आणि पाकीट उघडल्यावर माल वेगळा दिसला की विश्वास संपला. सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, साध्या कापडावर किंवा सुपात माल ठेवून फोटो घ्या. आकार कळावा म्हणून बाजूला चमचा किंवा हात असू द्या. वेबसाइटवर टाकण्याआधी फोटोची साइज कमी करा. पान उघडायला वेळ लागला तर लोक थांबत नाहीत.

७. परवाना आणि लेबल

खाण्याचा माल विकायचा तर फसाईची नोंदणी किंवा परवाना लागतो. उलाढाल किती यावर कुठला ते ठरते. त्याचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर आणि वेबसाइटवर द्या. पाकिटावर मालाचे नाव, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, पॅक केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी नंबर आणि मांसाहारी मालाची तपकिरी त्रिकोणाची खूण हवी. पारा, मोले, बलचांव असेल तर त्यात काय काय घातले तेही लिहा. वजन माल सुकल्यावर आणि पाकीट वगळून धरायचे.

सुक्या मासळीला वास असतो. कुरियरवाला ती घेतो काय, हे ऑर्डर घेण्याआधी त्याला विचारा. हवा काढून बंद केलेले पाकीट आणि वर दुसरी पिशवी, एवढे तरी करावेच.

८. पैसे घेताना

यूपीआय, बँक खाते, जे सोयीचे असेल ते ठेवा, पण खाते ज्याच्या नावावर आहे ते नाव वेबसाइटवर दिसू द्या. आणि घरातल्या प्रत्येकाला हे पाठ करून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही. "मोठी ऑर्डर देतो, आधी हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील" असे कुणी म्हणाला तर फोन ठेवा. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नका, आधी खात्यात पैसे जमा झाले की नाही ते बघा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

९. लोकांना कळणार कसे?

वेबसाइट काढली आणि गप्प बसलो तर ती आडरानातले दुकान. स्वस्तातली चार कामे करा:

– विक्रीचे ठिकाण असेल तर गूगलच्या नकाशावर त्याची फुकट नोंद करा. वेळ, फोन आणि फोटो टाका.
– प्रत्येक पाकिटावर वेबसाइटचा क्यूआर छापा. बाजारात विकलेले पाकीटसुद्धा तुमची जाहिरात करते.
– ज्याने एकदा घेतले त्याला विचारून त्याचा नंबर ठेवा आणि मार्चमध्ये एकच निरोप पाठवा: यंदाची सुंगटे सुकली आहेत. रोज निरोप पाठवाल तर तो तुम्हाला ब्लॉक करेल.
– समाधानी गिऱ्हाइकाला गूगलवर दोन शब्द लिहायला सांगा. खोटे अभिप्राय विकत घेऊ नका. कुणी वाईट लिहिले तर भांडू नका, काय केले ते सांगा.

"महिन्यात गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो" असे सांगून पैसे मागणारे भेटतील. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. नवी वेबसाइट शोधात दिसायला वेळ लागतो. पुरुमेंतासाठी माल विकायचा असेल तर ती जानेवारी-फेब्रुवारीतच तयार पाहिजे. मेमध्ये सुरू करून त्या वर्षी उपयोग नाही.

प्रत्येक नव्या फोनवर विचारा, "आमचा नंबर कुठून मिळाला?" उत्तर वहीत लिहा. सहा महिन्यांनी वही बघितली की कशावर खर्च करावा आणि काय बंद करावे ते आपोआप कळेल.

१०. रोजचे काम कुणाचे?

वेबसाइटला रोज दहा मिनिटे लागतात. संपलेल्या मालावर "संपला" लिहायचे, दर बदलला तर बदलायचा, आलेल्या निरोपाला त्याच दिवशी उत्तर द्यायचे. हे कोण करणार, ते आधीच ठरवा. माणूस नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर मालाची यादी टाकून काम चालवा. जुने दर आणि न लागणारा फोन दाखवणारी वेबसाइट असण्यापेक्षा ती नसलेली बरी.

वेबसाइटवर आपण जे लिहितो तो आपला शब्द. वाळू नाही म्हटले तर पाकिटात वाळू निघता कामा नये, पाव किलो म्हटले तर काट्यावर पाव किलोच भरले पाहिजे. एवढे पाळले तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक व्यापाऱ्याचे नाव न घेता सुकवणाऱ्या बाईचे नाव सांगून माल मागेल.

ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांनी या बंदीत दोन गोष्टी वहीत उतरवून संस्थेच्या कार्यालयात आणाव्यात: गेल्या मोसमात सुकवलेल्या मालाचा हिशेब, आणि गिऱ्हाइकांनी विचारलेले दहा प्रश्न. तेवढ्यावर बसून पहिले पान आपण मिळून लिहूया.