आरओ की यूव्ही?

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो, नळाला महापालिकेचं पाणी येतं. विक्रेता म्हणतो, पाणी शुद्ध करायला आरओच घ्या. काय करावं?

उत्तर : आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजून घ्या. भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात. पुण्याला मिळणारं खडकवासला धरणाचं पाणी त्याच्या बरंच खाली असतं. मग आरओ कशाला? त्यात उपयोगी क्षारही जातात आणि कितीतरी पाणी मोरीत वाहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं. तुमचा प्रश्न जंतूंचा आहे, त्याला यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचं यंत्र, पुरेसं आहे. मात्र गढूळ पाण्यात किरण पोहोचत नाहीत, म्हणून यूव्हीआधी गाळणी हवीच, पावसाळ्यात तर नक्की. वीज गेली तर पाणी खळखळून उकळा. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल, तर मात्र प्रयोगशाळेत तपासून मगच ठरवा. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत.