हे नाव ख्रिस्ती आहे का?

बाप्तिस्म्याच्या वेळी पालक आम्हाला हमखास विचारतात, "फादर, हे नाव ख्रिस्ती आहे ना?" फ्रान्समधील नावे पाहू. १८०३ च्या कायद्याने तेथे दिनदर्शिकेतील व प्राचीन इतिहासातील नावेच ठेवता येत. १९९३ मध्ये मोकळीक मिळाली. पण दिनदर्शिकेतला 'लुई' मूळचा कोण? फ्रँक राजा क्लोव्हिसच्या नावाचेच ते बदललेले रूप, 'युद्धात कीर्तिमान' अशा अर्थाचे. संत रेमी यांनी त्याला बाप्तिस्मा दिला, तरी नाव तेच राहिले. 'बर्नाडेट'मध्ये तर जर्मानिक भाषेतले अस्वल दडले आहे! 'रेने' मात्र लॅटिनमधला 'पुन्हा जन्मलेला', खरे बाप्तिस्म्याचे नाव. सेमिनरीत आम्हाला छळणाऱ्या देकार्तचेही. म्हणून 'आकाश' हे नाव आणणाऱ्यांना आम्ही परत पाठवत नाही. नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे, एवढेच ख्रिस्तसभेचा कायदा (कलम ८५५) सांगतो.