मोसंबी, लिंबू आणि बीपी : जालन्याहून परदेशी येणाऱ्यांसाठी

जालना जिल्ह्यातून निघून परदेशी स्थिरावलेली आम्ही काही घरं आहोत. कुणी अमेरिकेत, कुणी इंग्लंडात, कुणी ऑस्ट्रेलियात. नव्याने येणारी मुलं आणि मागोमाग येणारे त्यांचे आईवडील फोन करतात, तेव्हा जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते इथे एकत्र केलं आहे.

सुरुवात आपल्या मोसंबीपासून करू. बोलताना आपण तिला 'स्वीट लाइम' म्हणतो, पण भौगोलिक मानांकनात तिची नोंद 'जालना स्वीट ऑरेंज' अशी आहे. इकडे दुकानात नुसतं 'लाइम' मागितलं, तर मिळतं वरणावर पिळायचं हिरवं, आंबट लिंबू. आणि त्यालाच आपण आयुष्यभर 'लेमन' म्हणत आलेलो असतो! इकडचं लेमन मोठं, पिवळं, जाड सालीचं. लोणचं घालायला बसाल तेव्हा हा फरक कळेल.

वांगी मागताना 'ब्रिंजॉल' म्हणू नका. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ते 'एगप्लांट', इंग्लंडात 'ओबर्जीन'. भेंडीला 'लेडीफिंगर' म्हटलंत, तर अमेरिकेतला दुकानदार बिस्किटांकडे बोट दाखवेल. शब्द 'ओक्रा' आहे. ताकासाठी 'बटरमिल्क'चा डबा आणाल, तर तो दाट आणि आंबट निघेल. दही आणून घरीच घुसळा. दह्याला 'कर्ड' नाही, 'योगर्ट' म्हणायचं. इंग्लंडातला 'कॉर्नफ्लोअर' म्हणजे अमेरिकेतला 'कॉर्नस्टार्च'. अमेरिकेत 'कॉर्न फ्लोअर' म्हणाल तर मक्याचं पीठ हातात येईल.

स्वयंपाकघरातली चूक फार तर एक भाजी बिघडवते. औषधाच्या बाबतीत मात्र मी हात जोडून सांगते, नीट वाचा. आपली पॅरासिटामॉल अमेरिकेत आणि कॅनडात 'असिटामिनोफेन' या नावाने मिळते. औषध तेच, नाव वेगळं. सर्दीखोकल्याच्या कित्येक औषधांतही ते मिसळलेलं असतं. दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेतली, तर मात्रा दुप्पट होते आणि यकृताला इजा होऊ शकते. बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय गोळी तोंडात टाकू नका.

आईवडील डॉक्टरला सांगतात, "आय हॅव बीपी, आय हॅव शुगर." आपल्या गावात एवढं पुरतं. इकडच्या डॉक्टरला त्यातून काहीच कळत नाही, कारण रक्तदाब सगळ्यांनाच असतो. 'हाय ब्लड प्रेशर' आणि 'डायबिटीस' असे पूर्ण शब्द कागदावर लिहून द्या. 'लूज मोशन'ऐवजी 'डायरिया', 'गिडीनेस'ऐवजी 'डिझी', छातीत जळजळ होत असेल तर 'ॲसिडिटी'ऐवजी 'हार्टबर्न'. माझ्या सासूबाई इंग्लंडात आल्या तेव्हा दवाखान्याच्या पत्रावर 'सर्जरी' हा शब्द वाचून रात्रभर झोपल्या नाहीत. तिथे साध्या डॉक्टरच्या दवाखान्यालाच 'सर्जरी' म्हणतात, हे त्यांना आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र वाचली असती.

विद्यार्थ्यांनी, मग ते इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीच्या (आयसीटी) जालना आवारातून येवोत की अंबड-परतूरच्या कॉलेजातून, दोन शब्द घरीच ठेवून यावेत. 'आय पास्ड आउट' म्हणजे इकडे 'मी बेशुद्ध पडलो'. पदवी घेतली असेल तर 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. आणि वर्गात 'आय हॅव अ डाउट' म्हटलं की शिक्षकांना वाटतं, आपल्या म्हणण्यावर याचा विश्वास नाही. शंका विचारायची असेल तर 'क्वेश्चन' म्हणा.

मराठीत उसनं एकच. ते घेतोही आणि देतोही. इंग्रजीत घेणाऱ्याचं 'बॉरो', देणाऱ्याचं 'लेंड'. तसंच 'ऐकणं'. कानावर पडलं तर 'हिअर', मन लावून ऐकलं तर 'लिसन'. फोन खरखरत असताना समोरच्याला "यू आर नॉट लिसनिंग" म्हटलं, तर तो दुखावतो.

तारखेत हयगय नको. 3/4 म्हणजे अमेरिकेत 4 मार्च, तर इंग्लंड-ऑस्ट्रेलियात 3 एप्रिल. महिना अक्षरात लिहा. घर बघायला जाताना, अमेरिकेतला 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे तळमजला, हे ध्यानात ठेवा. इंग्लंडात मात्र आपल्यासारखंच. 'पब्लिक स्कूल' अमेरिकेत सरकारी, इंग्लंडात अतिशय महाग आणि खासगी.

यातल्या बऱ्याच शब्दांत आपलं इंग्रजी चुकीचं नाही, ते भारतातलं आहे. त्याची लाज बाळगू नका. शब्द अडला तर वस्तूचं वर्णन करा, समोरचा माणूस मदत करतो.

आणि आल्या दिवशी, सामान उघडण्याआधी, तातडीच्या मदतीचा नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा : अमेरिका आणि कॅनडात 911, इंग्लंडात 999, ऑस्ट्रेलियात 000. आईवडिलांकडून तो एकदा पाठ म्हणून घ्या.