ब्राँझचा पुतळा आणि खोटा आळ

एखाद्या विद्यार्थ्याचा निबंध अपेक्षेपेक्षां फार चांगला उतरला, तर आम्हां शिक्षकांच्या मनांत प्रथम येतो तो पुष्कळदां संशय: 'हें यानें कोठून उतरविलें?' असाच संशय १८७७ सालीं पॅरिस येथें एका शिल्पकारावर घेण्यांत आला. त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं मनन करण्यासारखी आहे.

ओग्यूस्त रॉदँ याचा जन्म १८४० सालीं पॅरिसमध्यें एका कारकुनाच्या घरीं झाला. तेथील विख्यात सरकारी कलाशाळेच्या प्रवेशपरीक्षेंत तो तीन वेळां नापास झाला. मग पोटासाठीं दुसऱ्यांच्या हाताखालीं नक्षीकाम करण्यांत त्याचीं सुमारें वीस वर्षें गेलीं. १८६२ सालीं बहीण वारली, तेव्हां शोकाकुल होऊन तो एका मठांत राहिला. परंतु तेथील प्रमुख फादर एमार यांनीं त्याचा ओढा ओळखून त्यास पुन्हां शिल्पकलेकडे पाठविलें.

१८७५ सालीं ब्रसेल्स येथें एका तरुण बेल्जियन शिपायास समोर उभें करून त्यानें पुरुषभर उंचीचा पुतळा घडविण्यास आरंभ केला. मध्यंतरीं इटलींत जाऊन तो मायकेल अँजेलोचीं शिल्पें पाहून आला. सुमारें दीड वर्षानें काम पुरें झालें. उजवा हात मस्तकावर, डावी मूठ वर उचललेली, नेत्र मिटलेले. जणूं मनुष्यजात निद्रेंतून जागी होत आहे. या पुतळ्यास पुढें 'कांस्ययुग' हें नांव मिळालें.

शिल्पकार प्रथम मातींत आकृति घडवितो, तिच्यावरून प्लास्टरची प्रत काढतो, आणि शेवटीं साच्यांत ब्राँझ, म्हणजे तांबें व कथील यांचा वितळलेला मिश्रधातु, ओततात. खरें कौशल्य मातीच्या कामांत असतें. रॉदँचा पुतळा इतका सजीव होता कीं, त्यानें जिवंत माणसाच्या अंगावरूनच साचा काढला, असा आळ आला. त्यानें शिपायाचीं छायाचित्रें पुराव्यादाखल पाठविलीं, व्यर्थ! तेव्हां त्यानें बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पुतळा माणसाहून मोठा घडविला. अंगावरून घेतलेला साचा अंगाहून मोठा कसा निघावा?

१८८० सालीं कांहीं नामांकित शिल्पकारांनीं त्याच्या बाजूनें साक्ष दिली व फ्रेंच सरकारनें 'कांस्ययुग' ब्राँझमध्यें विकत घेतलें. त्याच वर्षीं 'नरकद्वार' या भव्य दरवाजाचें काम सरकारनें त्यास सोंपविलें. १९१७ सालीं तो वारला, तेव्हां त्याची कीर्ति जगभर पसरलेली होती.

आम्हींही एकदां एका मुलाच्या निबंधावर असाच संशय घेतला. त्यास समोर बसवून लिहावयास सांगितलें, तों त्यानें पहिल्याहून सरस लिहिलें. 'आमची चूक झाली' हे शब्द त्या दिवशीं आमच्या तोंडून निघाले नाहींत, याची खंत अजून वाटते. विद्यार्थ्यांनो, खोट्या आळास खरें उत्तर म्हणजे पुढचें चांगलें काम. आणि आम्हां वडीलधाऱ्यांनीं तरी मुलास तें उत्तर देण्याची पाळी येण्यापूर्वींच नीट चौकशी करावी.