पारधीला निघण्याआधी हिशेब मांडा

तीरकामठ्याला पैसे पडत नाहीत. बांबू रानातला, दोरी घरची. वावर-वांगणीपासून मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत पारध म्हणूनच फुकटची वाटते. पण पकडले गेलात तर तिचा खर्च किती येतो, हे आता नव्याने समजून घ्यायला हवे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. शिकारीचे परवाने १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ताज्या दुरुस्तीने दंड कितीतरी पटींनी वाढवला आहे.

रानडुक्कर मारले तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधी हा दंड पंचवीस हजारांपर्यंतच होता. मोर, घोरपड, खवल्या मांजर, बिबट्या हे पहिल्या अनुसूचीतले प्राणी. त्यांच्यासाठी कैद किमान तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे, आणि दंड किमान पंचवीस हजार. असा गुन्हा दुसऱ्यांदा केला तर दंड एक लाखापासून पुढे. अनेकांना घोरपड किरकोळ वाटते. कायद्यात ती बिबट्याच्याच यादीत आहे, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

‘तीर लागलाच नाही’ असे म्हणून सुटका होत नाही. मारण्याचा प्रयत्न, फासा, जाळे, विष, आमिष, हाका करून जनावर उठवणे, सगळे शिकारीतच मोडते. पक्ष्यांची अंडी आणि घरटी मोडणेही त्यातच येते. हत्यार आणि नेलेली मोटारसायकल जप्त होते, गुन्हा शाबीत झाला की सरकारजमा होते. कर्जाने घेतलेल्या गाडीचे हप्ते मात्र चालूच राहतात. आपल्याकडे हत्यार कोणतेही असो, हौसेच्या शिकारीला परवाना नाही.

आदिवासींना सूट आहे, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज आणि पाण्यातले मासे यांवरचा हक्क दिला, पण पारंपरिक शिकारीचा हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. ज्या भागात १९९२ साली वावर-वांगणीची बालके कुपोषणाने गेली, तिथे रानातले मांस बंद करताना ताटात दुसरे काय येणार, याचे उत्तर सरकारने द्यायलाच हवे होते असे मला वाटते. तोवर कायदा आहे तो असा आहे.

पहिल्या अनुसूचीबाहेरचा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो, पण त्या रकमेची मर्यादाही पंचवीस हजारांवरून पाच लाखांवर गेली आहे. तडजोड करण्याचा अधिकार वरिष्ठ वनाधिकाऱ्यालाच असतो. रानात, रस्त्यात कोणी ‘इथेच मिटवू’ म्हणाले तर पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. वकिलासाठी बैल विकू नका. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

आता खरे दुखणे, म्हणजे नागली-वरईत आणि भातात घुसणारी डुकरे. रात्रभर माळ्यावर जागून पीक जात असेल तर हात तिराकडे जाणारच. पण इथे नुकसानभरपाई मागण्याची बिनखर्चाची वाट आहे. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पंचनामा होईपर्यंत शेत आहे तसे राहू द्या. सातबारा किंवा वनहक्काचा दाखला आणि बँकेचे पासबुक सोबत ठेवा, मोबाईलवर फोटो काढा. वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आहे. फारच उच्छाद असेल तर रानडुकराला मारण्याची लेखी परवानगी मागता येते, पण परवानगीने मारलेले जनावरही सरकारचेच, मांस घरी नेता येत नाही. कुंपणाच्या तारेत वीज मात्र कधीही सोडू नका. त्या तारेला डुकराआधी शेजारचे पोर चिकटू शकते.

जनावर अंगावर आले आणि जीव वाचवताना मेले तर तो गुन्हा धरत नाहीत. अशा वेळी लपवाछपवी न करता लगेच वनरक्षकाला कळवा.

आणि अर्ज कुठलाही असो, त्याची दुसरी प्रत काढून तिच्यावर तारीख, सही आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसेल तर तीन दिवसांची मुदत पाळल्याचे दाखवता येत नाही.