प्रथिनांची घडण आणि पावट्याची उसळ

पावट्याची उसळ कोल्हापुरांत कोणास अपरिचित नाहीं. परंतु ती पुरती शिजवावी असा घरांतील वडील स्त्रियांचा आग्रह कां असतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. त्याचें उत्तर प्रथिनांच्या घडणींत आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब सांखळी. या आम्लांचे प्रकार अवघे वीस. पण थोडक्या अक्षरांतून अगणित शब्द होतात, तसेंच हें आहे. सांखळींतील आम्लांचा जसा अनुक्रम, तशी ती पेशींत दुमडते. आणि जशी दुमडेल, तसें तिचें कार्य. आपल्या स्वादुपिंडाच्या पेशींत ट्रिप्सिन नांवाचें प्रथिन तयार होतें. अन्नांतील प्रथिनांचे तुकडे करणें हें त्याचें काम. तें पेशींतच कामास लागलें, तर जन्मदात्या पेशीसच खाऊन टाकील! म्हणून तें एक जादा तुकडा बाळगून, निष्क्रिय रूपांत बाहेर पडतें. आंतड्यांत तो तुकडा छाटला गेला, कीं त्याचा आकार किंचित् बदलतो व तें कापूं लागतें.

आतां पावट्याकडे वळूं. त्याच्या दाण्यांत असें एक प्रथिन असतें, कीं त्याचा बाहेर आलेला वळसा ट्रिप्सिनच्या खांचेंत नेमका बसतो व तेथेंच अडकतो. मग ट्रिप्सिनचें काम थांबतें आणि खाल्लेलें अन्न नीट पचत नाहीं. बीज खाणाऱ्या किड्यांचेंही असेंच होतें, हा वनस्पतीचा लाभ. वाल व पावटा एकाच जातीचे. वालांतून व डबल बींतून हीं रोधक प्रथिनें स्फटिकरूपांत वेगळीं करण्याचें काम मुंबईच्या विज्ञान संस्थेंत डॉ. कमलाबाई सोहोनी यांनीं सहकाऱ्यासह केलें. तें १९५५ सालीं प्रसिद्ध झालें. याच कमलाबाईंस १९३३ सालीं बंगलोरच्या विज्ञान संस्थेंत केवळ मुलगी म्हणून प्रथम प्रवेश नाकारण्यांत आला होता. त्या हटल्या नाहींत, आणि १९३९ सालीं केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. मुलींच्या पालकांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

शिजवतांना सांखळी तुटत नाहीं. तिची घडी तेवढी विस्कटते, आणि घडी गेली कीं कार्यही जातें. अंड्यांतील पातळ द्रव उकडल्यावर घट्ट व पांढरा होतो, तोही घडी विस्कटल्यामुळेंच. परंतु पावट्यांतील या प्रथिनास आंतून गंधकाचे टांके घातलेले असतात. तें सहजासहजीं उलगडत नाहीं. म्हणून नुसती वाफ दाखवून भागत नाहीं. दाणा दोन बोटांत सहज चुरडेपर्यंत पातेलें चुलीवरून उतरूं नये.